निकाल कमी लागतो म्हणून स्टॅटिस्टिक्सचे तास कापू नका : आमच्या कॉलेजला खुलं पत्र

प्रति,
मा. संस्थाचालक, प्राचार्य सर आणि कॉमर्स व अर्थशास्त्र विभागातले सगळे सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचाच जुना विद्यार्थी. बी.कॉम. होऊन आठ वर्षं झाली, आता एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, ऑफिसात आहे, काटापट्टी, आवक, उतारा, शेतकऱ्यांचं पेमेंट हे सगळं माझ्याकडे असतं. माझी धाकटी बहीण यंदा तुमच्याकडे एफ.वाय.बी.कॉम.ला आलीये. गावातून सकाळी मुक्कामी एसटी निघते त्या गाडीने ती येते, कारण ती चुकली की पहिले दोन तास गेलेच. तिनेच परवा नोटीस बोर्डाचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, दादा आता हे मला कोण शिकवणार.

नोटीसमध्ये लिहिलंय की बिझनेस स्टॅटिस्टिक्सच्या (सांख्यिकीच्या) तासिका आठवड्याला ४ होत्या त्या यंदापासून १, बाकी भाग विद्यार्थ्यांनी सेल्फ स्टडी करावा, आणि पुढच्या वर्षापासून या पेपरच्या जागी दुसरा पेपर ठेवण्याचा विचार आहे. कारण दिलंय एका ओळीत, विषयाचा निकाल सातत्याने कमी लागतो. अर्थशास्त्राच्या मुलांनाही हेच लागू.

कॉलेजचं नाव मी कुठे लिहीत नाहीये आणि लिहिणारही नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नाही, मला फक्त हा निर्णय बदलून हवाय. पण चार भिंतींच्या आत अर्ज देऊन गप्प बसणंही मला जमणार नाही, कारण ज्यांची मुलं तुमच्याकडे शिकतात त्या आईबापांना हे काय चाललंय ते कळायला पाहिजे.

आधी माझं सांगतो. मला या विषयात ७१ मार्क होते. मीन, मीडियन, मोड, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, रिग्रेशन, इंडेक्स नंबर सगळी सूत्रं पाठ होती, गाईडमधली गणितं तोंडपाठ म्हणा ना. नोकरीच्या पहिल्याच सीझनला मालकांनी सांगितलं की आठवड्याचा सरासरी उतारा काढून दे, म्हणजे शंभर क्विंटल कापसातून रुई किती निघाली ते. मी प्रत्येक लॉटचे टक्के घेतले, बेरीज केली, लॉटच्या संख्येने भागलं आणि दिलं. समजा एक लॉट १० क्विंटलचा, उतारा ३६ टक्के, आणि दुसरा ९० क्विंटलचा, उतारा ३२ टक्के. मी काढलेली सरासरी ३४. पण खरी रुई किती, तर पहिल्यातून ३.६ क्विंटल आणि दुसऱ्यातून २८.८, मिळून ३२.४. म्हणजे शंभर क्विंटलमागे मी १ क्विंटल ६० किलो रुई कागदावर जास्त दाखवली होती. एक गाठ १७० किलोची असते, तर जवळजवळ एक अख्खी गाठ जी गोडाऊनमध्ये नव्हतीच. मालक शांतपणे म्हणाले, अरे ज्याचं वजन जास्त त्याचं म्हणणं जास्त धरायचं ना. ते आठवी शिकलेले आहेत. वेटेड मीनचं सूत्र माझ्या वहीत दोनदा लिहिलेलं होतं, उत्तरपत्रिकेत पण लिहिलं होतं, पण ते कशासाठी असतं हे तीन वर्षांत एकदाही कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे निकाल कमी लागतो हे कारण मला पटत नाही सर. माझा तर निकाल चांगला होता.

आता तक्रारी. पहिली तक्रार याच निकालाची. निकाल कमी लागला हे तुम्ही सांगितलं, पण वर्षात तास किती झाले ते सांगितलं नाही. बहिणीच्या पुढच्या बॅचची मुलं सांगतात की शिकवायला तासिका तत्त्वावरचे (सीएचबी) सर दिवाळीच्या तोंडावर आले आणि परीक्षा तोंडावर आली तेव्हा थांबले. सीएचबीच्या सरांचा यात काही दोष नाही, त्यांना महिनोन् महिने मानधन मिळत नाही, तेही एसटीनेच येतात. पण जो विषय अर्ध वर्ष शिकवलाच गेला नाही त्याचा निकाल कमी लागला तर दोष विषयाचा कसा? हाच प्रश्न स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात आला असता, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येतं का, तर त्याचं उत्तर तुम्हीच आम्हाला नाही असं शिकवलं असतं. दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची आवक वाढते आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नंही वाढतात, दोन्हीचे आकडे मांडले तर कोरिलेशन चांगलं येईल, पण कापसामुळे लग्नं होत नाहीत, दोन्हीच्या मागे सीझन आहे. तसं निकालाच्या मागे काय आहे ते बघा ना आधी. किती तास झाले, किती मुलं तासाला बसली, बसलेल्यांचा निकाल किती आणि न बसलेल्यांचा किती, हे वेगवेगळं मांडून बोर्डावर लावा आणि मग बोलू.

दुसरी तक्रार गणिताच्या पायाची. आपल्याकडची बहुतेक मुलं अकरावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात, म्हणजे दहावीनंतर दोन वर्षं गणिताचं तोंड बघितलेलं नसतं. दहावीच्या पुस्तकात सांख्यिकीचा धडा असतो, मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द त्यांनी तिथे वाचलेले असतात. इथे आल्यावर सर बोलतात मीन-मीडियन-मोड, मराठी गाईडमध्ये मध्यकाला माध्यिका केलेलं असतं, दुसऱ्या गाईडमध्ये आणखी तिसराच शब्द, आणि प्रश्नपत्रिका वेगळ्याच भाषेत. बहिणीला सिग्माची खूण म्हणजे नुसतं "सगळ्यांची बेरीज करा" एवढंच आहे हे मी घरी जेवताना सांगितलं, तर ती घास हातात धरून म्हणाली, एवढंच? तिच्या शेजारी बसणारी आदिवासी पाड्यावरची मुलगी आहे, हुशार आहे, ती पहिल्या आठवड्यानंतर म्हणाली "काहीच समजनं नही" आणि आता मागच्या बाकावर जाऊन बसते. या मुलींना तुम्ही सेल्फ स्टडी करायला सांगताय. कशावरून करायचा?

तिसरं, का हा प्रश्न विचारायची सोय नाही. माझ्या वेळी एका मित्राने विचारलं होतं की नमुन्याचं व्हेरियन्स, म्हणजे आकडे किती पसरलेत त्याचं माप, काढताना एनने (नमुन्यातल्या आकड्यांच्या संख्येने) भागायचं सोडून एन वजा एकने का भागतात, उत्तर आलं की सूत्र आहे, पाठ करा. ते मला कळलं ते फार नंतर, ट्रॉलीच्या ढिगाजवळ उभं राहून. पूर्ण ट्रॉलीचा खरा मध्य, म्हणजे सरासरी, आपल्याला माहीत नसतो, आपण पाच-सात मुठी काढतो आणि त्या मुठींचाच मध्य धरून अंतरं मोजतो, आणि तो मध्य त्याच मुठींतून निघालेला असल्याने त्यांच्या जवळच बसतो, म्हणून अंतरं खऱ्यापेक्षा लहान येतात, एकाने कमी भागलं की ती कसर भरून निघते. दहा मिनिटांत सांगता येणारी गोष्ट आहे. पण आठवड्याला एकच तास असेल तर ही दहा मिनिटं कोण देणार, सरांना पोर्शन संपवायचा असतो, त्यांचंही बरोबरच आहे.

नमुन्याचं निघालंच आहे तर हेही सांगतो. कापसात ओलावा किती यावर भाव ठरतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात आणि त्याच्या वर घेतच नाहीत. आता मीटर ट्रॉलीच्या वरच्या थरात एकाच जागी खुपसला तर उन्हाने वाळलेला भाग लागतो, खाली दबलेल्यात लावला तर दमट लागतो, आकडा दोन्ही वेळा मशीननेच दिलेला, पण दोन्ही वेळा अर्धवट. चार कोपरे आणि मध्य, वरचा थर आणि खालचा थर, असं घेतलं तर शेतकऱ्यावर पण अन्याय नाही आणि घेणाऱ्यावर पण नाही. सॅम्पलिंगचा धडा याच्यापेक्षा चांगला कुठे मिळणार हो? पण आपल्या मुलांना सॅम्पलिंग शिकवतात ते बाटलीतले लाल-निळे गोळे काढून, तेही फळ्यावर.

हे माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतं. आपण ज्या भागात राहतो तिथे लोकांचे पैसे रोज सरासरीवर ठरतात आणि ती सरासरी कशी काढतात ते वाचता येणारी पोरं आपण तयार करत नाही. बाजार समितीच्या फळ्यावर रोज तीन दर असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. हा सर्वसाधारण दर म्हणजे बेरीज भागिले संख्या नाही, ज्या दराने जास्त माल गेला तो, म्हणजे आपला मोड. सरकारच्या अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावाच्या वेबसाइटवरसुद्धा त्या रकान्याचं नाव मॉडल प्राईस असंच आहे. रावेर-सावद्याच्या केळीवाल्याच्या पोराला ग्रुप्ड डेटाचा मोड सूत्राने काढता येतो पण हा रकाना त्याने ओळखलेला नसतो. हे मी माझ्याच ऑफिसात बघितलंय, कामाला आलेल्या दोन बी.कॉम. पोरांना विचारलं, दोघं गप्प.

आणि पीक विमा. दरवर्षी आपल्याकडे यावरून भांडणं होतात, मोर्चे निघतात. पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेलं की नुकसान धरतात तो आकडा, काढताना मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घेतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. समजा एका महसूल मंडळात मक्याचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत ३०, १२, २८, ३४, १८, ३२ आणि २६ क्विंटल आलं. १२ आणि १८ ही दोन वाईट वर्षं गळाली, उरलेल्या पाचांची सरासरी ३०, जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा २१. यंदा मंडळाची सरासरी २० आली तर नुकसान धरलं जाईल २१ वजा २०, भागिले २१, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. ज्याच्या हातात एक कणीस आलं नाही त्यालाही तेवढंच, आणि ज्याचं चांगलं पिकलं त्यालाही तेवढंच, कारण हिशोब मंडळाच्या सरासरीवर आहे. हे बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, पण सरासरीच्या पोटात किती फरक लपलेला असतो, त्यालाच आम्ही डिस्पर्शन म्हणायचो आणि पाच मार्कांची टीप लिहायचो, हे त्या शेतकऱ्याच्या पोराला कळलं तर तो तलाठ्याकडे जाऊन नेमका प्रश्न तरी विचारेल, मंडळात पीक कापणी प्रयोग किती झाले, कुठल्या गटात झाले, प्लॉट कसे निवडले.

पीक कापणीचे हे प्रयोग यादृच्छिक नमुना घेऊन करायची पद्धत आपल्या देशात बसवण्यात पां. वा. सुखात्मेंचा मोठा वाटा आहे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा माणूस, १९११ चा जन्म, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेपर्यंत गेले. मराठी माणसाने शेतातून उभी केलेली विद्या आहे ही, आणि आपल्या कॉमर्सच्या वर्गात त्यांचं नावही निघत नाही. टी-टेस्टचं घ्या, ती ज्याने काढली तो विल्यम गॉसेट आयर्लंडमध्ये गिनीज बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता, थोड्याच नमुन्यांवरून मालाचा अंदाज कसा बांधायचा ही त्याची रोजची अडचण होती, त्यातून ते निघालं आणि १९०८ साली त्याने ते स्टुडंट या टोपणनावाने छापलं. म्हणजे हा विषय घडवण्यात धंद्यातल्या माणसांचाही हात आहे. कॉमर्सच्या मुलाकडून तो काढून घेणं म्हणजे सुताराकडून गुण्या काढून घेण्यासारखं आहे.

सरकारी आकड्यांचंही तसंच आहे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, जळगाव ७८ आणि नंदुरबार ६४. अर्थशास्त्राच्या पेपरात राज्याची सरासरी लिहून पोरं मार्क घेतात, पण आपण ज्या मातीत बसून लिहितोय तिचा आकडा त्या सरासरीत कुठे बुडाला हे त्यांना दिसत नाही. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो त्याचं आधारवर्ष २०१६ आहे, ज्यांचे वडील नोकरीत आहेत त्या मुलांच्या घरात दर सहा महिन्यांनी त्याची चर्चा होते, आणि वर्गात इंडेक्स नंबरचं, म्हणजे याच निर्देशांकाचं, गणित अजून ए, बी, सी, डी नावाच्या वस्तूंवर.

एक जुनी गोष्ट सांगतो, कदाचित तुमच्यापैकी कोणी बघितलीही असेल. चाळीसगावजवळ पाटणला देवीच्या देवळात शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. त्या लेखात शेवटी जुन्या मराठीत लिहिलंय की पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाला मिळणारा कर त्या मठाला दिला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी याच खानदेशात बाजाराच्या पैशावर गणिताची शाळा चालत होती. आणि भास्कराचार्यांची उदाहरणं कशावर होती, भुंगे, हंस, सोन्याचा कस, व्याज, जे समोर दिसतं त्यावर. मी ते देऊळ कॉलेजच्या सहलीत बघितलं, तुम्हीच नेलं होतं, पण तेव्हा आम्ही धबधब्याकडे पळालो. आता वाटतं तिथे कोणीतरी थांबवून हे वाचून दाखवायला पाहिजे होतं.

लॅबची तक्रार थोडक्यात. कॉम्प्युटर आहेत, कव्हरखाली आहेत, किल्ली ऑफिसात असते. कॉलेज तपासायला नॅकची समिती येते तेव्हा उघडते. एक्सेलच्या लायसनचा खर्च नको असेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे, आर नावाचं स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आज कुठल्याही ऑफिसात पोराला पहिल्या दिवशी एक्सेल शीट देतात, स्टँडर्ड डेव्हिएशन हाताने काढायला कोणी सांगत नाही. हाताने दोन-चार वेळा करावंच, त्याशिवाय आत काय होतं ते कळत नाही, पण नंतर मशीनवर करून त्या आकड्याचा अर्थ काय ते मराठीत चार वाक्यांत लिहायला लावा. खरी परीक्षा ती.

आता मागण्या, सरळ सांगतो.

आठवड्याच्या ४ तासिका परत करा आणि पेपर बदलायचा विचार सध्या थांबवा. शिक्षक जुलैमध्येच नेमा, वर्षभरासाठी, आणि त्यांचं मानधन दर महिन्याला द्या, कारण उपाशी माणूस मन लावून शिकवू शकत नाही.

सुरुवातीचे १५ दिवस फक्त पायाचं गणित घ्या, टक्के, गुणोत्तर, आलेख, सिग्मा, वर्गमूळ. सोबत दोन पानांची शब्दांची यादी द्या, इंग्रजी शब्द, दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द आणि आपल्या बोलीत एका ओळीत अर्थ. अहिराणीत दिला तर आणखी चांगलं, पोरी मागच्या बाकावरून पुढे येतील.

लॅब आठवड्यातून दोन तास उघडा, त्यातला एक तास एसटीने येणाऱ्या मुलांच्या वेळेत, म्हणजे दुपारची गाडी निघायच्या आधी. उदाहरणं आपल्या बाजार समितीच्या दरांवर, मंडळाच्या पावसावर, केळी-कापूस-मक्याच्या आकड्यांवर घ्या.

आणि निर्णय घ्यायच्या आधी विद्यार्थी आणि पालकांची एक बैठक बोलवा, रविवारी, म्हणजे मजुरीवर जाणारे आईबापही येतील.

२९ जूनला देशभर सांख्यिकी दिवस असतो, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस म्हणून, २००७ पासून. तुमची नोटीस त्याच आठवड्यात लागली. तारखेचा तो योगायोग असेल, त्यावर मी काही म्हणत नाही, पण पुढच्या २९ जूनला आपल्या कॉलेजात हा विषय जिवंत असावा एवढी माझी फार इच्छा आहे.

माझ्याकडून जे होईल ते मी करतो. मालकांशी बोललोय, ते हो म्हणालेत. मागच्या तीन सीझनचे आवक, ओलावा आणि उताऱ्याचे रोजचे आकडे, शेतकऱ्यांची नावं-गावं काढून, पेन ड्राईव्हमध्ये तुम्हाला देतो, शिकवायला वापरा. सीझन सुरू झाला की मुलांची एक तुकडी जिनिंगवर पाठवा, ट्रॉलीतून नमुना कसा काढतात ते दाखवीन. शनिवारी दुपारी मला सुट्टी असते, सरांना मदत लागली तर येऊन बसेन, पैसे नकोत.

बहिणीचा पुढचा तास मंगळवारी आहे. त्याच्या आधी सोमवारी अकरा वाजता मी आणि गावातले आणखी चार पालक ऑफिसात भेटायला येतोय, कृपया वेळ द्यावा.

आपला,
एक माजी विद्यार्थी आणि यंदाचा पालक